ओआरएसचं पोस्टर आणि अ‍ॅनिमेशन: माप कुठे दाखवायचं, वेळ कुठे

ओआरएसच्या पुडीवर सगळं छापलेलं असतं: किती पाण्यात विरघळवायची, किती तासांत संपवायची. तरीही ती घरोघरी चुकते. एक लिटरची पुडी पेलाभर पाण्यात जाते, नाहीतर अर्धी आज आणि अर्धी उद्या अशी वाटून वापरली जाते. २०० मिलीच्या पेल्यात लिटरची पुडी घातली की पाणी पाचपट खारट होतं, आणि जुलाबाने आधीच सुकलेल्या बाळाच्या रक्तात सोडियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. अर्ध्या पुडीची अडचण वेगळी आहे. पुडीतले चार घटक एकसारखे मिसळलेले असतीलच असं नाही, त्यामुळे अर्ध्या भागात मीठ जास्त आणि ग्लुकोज कमी येऊ शकतं. शिवाय उघडी पुडी दमट हवेत ओलसर होऊन गोळा होते.

हे टाळायला चित्र आणि अ‍ॅनिमेशन खरोखर उपयोगी पडतं, पण दोघांची कामं वेगळी आहेत. जिथे माप सांगायचं तिथे स्थिर चित्र लागतं, कारण माणूस त्याच्याकडे हवा तितका वेळ पाहू शकतो, पुन्हा वळून पाहू शकतो, भिंतीवर लावू शकतो. जिथे वेळ सांगायचा, म्हणजे काहीतरी हळू होतंय, थांबायचंय, दिवसेंदिवस चालू ठेवायचंय, तिथे हालचाल लागते. बहुतेक आरोग्य-व्हिडिओ हे दोन्ही एकात कोंबतात आणि माप दोन सेकंदांत डोळ्यांसमोरून निघून जातं. म्हणून पोस्टर आणि अ‍ॅनिमेशन ही जोडी एकत्र आखावी. पात्रं तीच, भांडी तीच, रंग तेच. व्हिडिओ पाहिलेल्या बाईला अंगणवाडीच्या भिंतीवर तीच बाटली दिसली की मापाची आठवण होते.

ओआरएसच्या बाबतीत समजावणं हाच उपचाराचा मोठा भाग आहे. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती दिलं. वीस-तीस टक्क्यांवर गेलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. पाजणारे हात डॉक्टरचे नव्हते, नर्सचेही नव्हते. आपलं चित्र त्याच हातांसाठी आहे.

पेन्सिल उचलण्याआधी: आकड्यांचा कागद

एका कागदावर फक्त आकडे लिहा, वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून तपासून घ्या, त्यावर तारीख घाला. पुढच्या प्रत्येक चित्रात हाच कागद शेवटचा शब्द. ओआरएससाठी तो साधारण असा असतो:

- एक अख्खी पुडी (सुमारे २०.५ ग्रॅम), एक लिटर पिण्याचं स्वच्छ पाणी. पाणी उकळून गार केलेलं असेल तर उत्तम. बनवल्यावर उकळायचं नाही. साखर, दूध, सरबत काही घालायचं नाही.
- प्रत्येक पातळ जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या बाळाला ५० ते १०० मिली, त्यापुढच्या मुलाला १०० ते २०० मिली.
- उलटी झाली तर १० मिनिटं थांबायचं, मग दर दोन-तीन मिनिटांनी एक-एक चमचा.
- बनवलेलं पाणी २४ तासांनंतर फेकायचं.
- झिंकची गोळी १४ दिवस, रोज एकदा: सहा महिन्यांपुढच्या मुलाला २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम.
- अंगावरचं दूध आणि नेहमीचं जेवण चालू.
- लगेच दवाखान्यात: बाळ पीत नाही, प्यायलेलं सगळं उलटतं, शीतून रक्त येतं, सुस्त पडलंय, डोळे खोल गेलेत, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळू परत जाते.

बाजारात २०० मिलीच्या छोट्या पुड्याही मिळतात, याकडे नीट लक्ष द्या. तुमच्या भागात आशा सेविका कोणती पुडी वाटतात आणि किराणा दुकानात कोणती मिळते, हे दोन्ही हातात घेऊन पाहिल्याशिवाय पोस्टर काढू नका. दोन्ही फिरत असतील तर दोन वेगळी पोस्टर करा. एकाच कागदावर दोन पुड्या आणि दोन भांडी काढली की लोक तिरप्या जोड्या लावतात आणि आपणच चूक शिकवून बसतो.

पुडी मिळालीच नाही तर काय? एक लिटर पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. हे तिसरं, स्वतंत्र चित्र आहे. यात सगळा धोका चमच्याच्या शिगेत असतो, त्यामुळे शीग काढून टाकण्याची क्रिया (चमच्यावरून सुरीची पाठ फिरते, वरचं मीठ खाली पडतं) हे या चित्राचं मुख्य दृश्य करा. साखर-मिठाचे डबे त्यापुढे दुय्यम.

स्थिर चित्रातल्या नेहमीच्या चुका

लिटर कसा दाखवायचा, इथे पहिली अडचण येते. गावात तांब्या, लोटा, पातेलं सगळं असतं आणि प्रत्येकाचं माप वेगळं. पाण्याची एक लिटरची विकतची बाटली मात्र जवळजवळ सगळीकडे ओळखू येते. तिचा खांदा, झाकण, अंगावरच्या आडव्या वळ्या ओळखू येतील अशा काढा. ब्रँडचं नाव नको आणि रंगीत पट्टीही नको, नाहीतर लोक तीच बाटली शोधत बसतात. पाणी झाकणाच्या थोडं खाली, गळ्यापर्यंत भरलेलं दाखवा. बाटलीच्या शेजारी पाच पेले काढायचा मोह होतो, तो टाळा. ‘बाटली आणि पाच पेले’ असं वाचलं जाऊन दुप्पट पाणी होतं. घरात बाटली नसेल तर आशाताईने घरातलंच एखादं भांडं मोजून त्यावर खूण करून द्यावी, ही सूचना पोस्टरवर न घालता आशाताईच्या हातातल्या पत्रकात घालावी.

पुडी ‘अख्खी’ दाखवायला रिकामी, उलटी, कोपरे दाबलेली पुडी काढा. अर्धवट उघडलेल्या पुडीतून भुकटी पडतेय असं चित्र सुंदर दिसतं, पण त्यातून किती घालायची हे कळत नाही. दोन चौकटी करा: एकीत पुडी पाण्यावर तिरकी, दुसरीत पुडी पूर्ण उलटी आणि रिकामी.

हात मनगटापाशी तोडू नका. चित्रं वाचायची सवय नसलेल्या माणसाला तो तुटलेला हात वाटतो. कोपरापर्यंत, बाहीसकट, बांगड्यांसकट काढा. जमलं तर चौकटीच्या कडेला बसलेली व्यक्तीही दाखवा. एखादी वस्तू मोठी करून दाखवायची असेल, उदाहरणार्थ चमच्याची सपाट कड, तर आधी ती खऱ्या आकारात हातात दाखवा आणि त्याच हातातून निघालेल्या गोलात मोठी करा. नुसता मोठा चमचा काढला की तो वाढायचा डाव समजला जातो. डासांच्या पोस्टरमध्ये हीच गडबड होते: माणसाएवढा डास पाहून आपल्याकडे असले डास नाहीत, असं लोकांना वाटतं.

फुलीची खूण वाटते तेवढी सार्वत्रिक नाही. लाल फुली थोडी सरळ झाली की ती दवाखान्याची खूण वाटते. पांढऱ्यावरचं लाल क्रॉसचं बोधचिन्ह तर जिनिव्हा करार अधिनियम, १९६० खाली संरक्षित आहे. ते सजावटीला वापरता येत नाही. आमचं मत असं आहे की चुकीची कृती शक्यतो काढूच नये. चित्र लक्षात राहतं आणि फुली विसरते. अगदीच गरज असेल, जसं जुलाबात गोड शीतपेय पाजू नका, तर बाटलीवर फुली मारण्यापेक्षा बाटली बाजूला सारणारा हात दाखवा.

डोळ्यांकडे येऊ. कार्टून शैलीत डोळे म्हणजे दोन काळे ठिपके असतात. त्या चेहऱ्यावर ‘डोळे खोल गेलेत’ हे लक्षण दाखवताच येत नाही. पात्र ठरवतानाच पापण्या, खोबणी, गाल यांना जागा ठेवा. निरोगी बाळ आणि सुकलेलं बाळ एकाच कोनातून, एकाच प्रकाशात, शेजारी शेजारी काढा. फरक फक्त तीन गोष्टींत: डोळ्यांखालची सावली, कोरडे ओठ, ढिले पडलेले हातपाय. बाळाला हाडांचा सापळा करू नका. असं चित्र पाहून आई मान वळवते आणि आपलं बाळ इतकं वाईट नाही, असं स्वतःला समजावते, जे तिने या टप्प्यावर अजिबात करू नये.

वारली शैलीचा मोह पालघर-ठाण्यात फार होतो. समूह, शेत, सण, वर्ष यांसाठी ती अप्रतिम आहे. पण दोन त्रिकोणांच्या माणसाला चेहरा नाही, बोटं नाहीत. चमचा सपाट की शिगेचा हे त्यात कळत नाही. वारलीची चौकट आणि काठ घ्या, आतलं मापाचं चित्र साध्या वास्तव रेषेत काढा. शैली ठरवताना विचारायचा प्रश्न एकच: या रेषेत मिलिलिटर दिसतो का?

आणि चौकटींचा क्रम. मराठी वाचणारा डावीकडून उजवीकडे जातो. मालेगाव, भिवंडीसारख्या ठिकाणी उर्दूतून शिकलेली बाई उजवीकडून सुरू करते आणि तिला आधी भरलेली वाटी दिसते, शेवटी बंद पुडी. उर्दू आवृत्तीत फक्त मजकूर बदलणं पुरत नाही, चौकटींचा क्रमच उलटवावा लागतो. चौकटी उभ्या, वरून खाली लावल्या तर दोन्ही वाचकांना एकच पोस्टर चालतं. आम्ही तेच सुचवू. प्रत्येक चौकटीत ठळक आकडा हवाच.

पात्रांबद्दल थोडं. मंगळसूत्र, टिकली, बुरखा, विशिष्ट जातीची ओळख देणारं नेसणं, यापैकी काहीही घातलं की उरलेल्यांना ते ‘त्यांच्यासाठी’ वाटतं. युनिसेफच्या ‘मीना’ या पात्राचं काम १९९०च्या दशकात झालं, त्यात मुंबईचे अ‍ॅनिमेशनकार राम मोहन होते. दक्षिण आशियातल्या अनेक देशांत मुलांना आणि पालकांना आराखडे दाखवून तिचा चेहरा आणि पोशाख ठरवला गेला, म्हणून ती इतक्या ठिकाणी आपली वाटली. एवढा खर्च शक्य नसला तरी तीन वेगवेगळ्या वस्त्यांत तीन आराखडे नेणं शक्य असतं. त्वचेचा रंग गोरा धरून चालू नका. एखाद्या चौकटीत बापाला पाजायला बसवा.

अक्षरं

पोस्टरवर चौकटीमागे तीन-चार शब्द पुरेत: ‘अख्खी पुडी’, ‘बाटलीभर पाणी’, ‘२४ तासांनी फेका’. ‘अतिसार’ सरकारी कागदात ठीक. चित्राखाली तुमच्या तालुक्यात जो शब्द चालतो, जुलाब, हगवण, ढाळ, तो घाला. फॉन्ट युनिकोडच वापरा. मुक्त किंवा बलू हे मुंबईच्या एक टाइपचे फॉन्ट मोफत आहेत आणि लांबूनही वाचता येतात. ए-३ पोस्टरवर मजकूर ३६ पॉइंटच्या खाली नको.

बिघडतं ते असं: अ‍ॅनिमेशनच्या अनेक सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीची जुळणी होत नाही. ‘मिनिटं’मधली पहिली वेलांटी म नंतर जाऊन बसते, जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडतात. मजकूर इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहा, नीट दिसतोय याची खात्री करा, मग अक्षरांचं बाह्यरेषांत रूपांतर करून तेच चित्र म्हणून अ‍ॅनिमेशनमध्ये आणा. मूळ लिहिता येणारी फाइल वेगळी ठेवा, नाहीतर पुढे एक आकडा बदलायला सगळं परत काढावं लागेल.

संहिता: आवाज एकीकडे, चित्र दुसरीकडे

कागदाचे दोन उभे भाग करा. डावीकडे काय ऐकू येतं, उजवीकडे काय दिसतं. मराठी निवेदन समजून घ्यायला मिनिटाला साधारण १०० ते ११० शब्दांचा वेग बरा. ६० सेकंदांत त्याहून जास्त घातलं की निवेदक पळू लागतो. दोन्ही भाग एकच गोष्ट सांगत असतील तर एक भाग वाया जातोय. आवाजात ‘अख्खी पुडी टाका’ असेल तर पडद्यावर तेच वाक्य पुन्हा लिहू नका. कान आणि डोळा एकाच वाक्याच्या मागे लागतात आणि पुडीकडे कुणी पाहत नाही. कर्णबधिर प्रेक्षकांसाठी पूर्ण उपशीर्षकांची वेगळी आवृत्ती काढा, ती हवीच.

नमुना:

आजी: आशाताई, पोराला सकाळपासून चारदा पातळ झालं. पाणी तोडलं तर थांबेल ना?

आशाताई: नाही हो काकू, पाणी तोडलं तर बाळ सुकेल. गेलेलं पाणी परत द्यायचं. वहिनी, साबणाने हात धुवा आणि ती लिटरची बाटली भरून आणा.

(पातेलं. बाटली पूर्ण रिकामी होते.)

आशाताई: आता ही पुडी अख्खी टाका. चिमूटभरही मागे ठेवू नका. ढवळा, तळाला काही राहिलं नाही ना बघा.

(पुडी उलटी, रिकामी. चार सेकंद काही हलत नाही.)

आशाताई: दर जुलाबानंतर अर्धी वाटी, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग परत हळूहळू द्या. अंगावरचं दूध चालूच ठेवा.

आई: आणि उरलं तर?

आशाताई: उद्या याच वेळेला ओतून द्यायचं, नवीन करायचं.

आजीचा प्रश्न वगळू नका. घरात पाणी तोडण्याचा सल्ला बहुधा मोठ्या माणसाकडूनच येतो, आणि तो प्रेमापोटी येतो. तिला मूर्ख ठरवलं तर ती व्हिडिओ बंद करायला सांगेल. तिच्या प्रश्नाला मानाने उत्तर मिळालं पाहिजे. ‘अर्धी वाटी’ म्हणजे ७५ ते १०० मिली होते का, हे त्या भागातल्या चार वाट्या मोजून बघा. वाटी लहान असेल तर संहिता बदला.

हालचाल कुठे घालायची

वरच्या आकड्यांच्या कागदावर तीन गोष्टी अशा आहेत ज्या स्थिर चित्रात नीट बसत नाहीत.

पहिली, कातडीची चिमटी. बेंबी आणि कुशीच्या मधोमध पोटाची कातडी चिमटीत धरून सोडायची. निरोगी बाळाची कातडी लगेच सपाट होते. खूप सुकलेल्या बाळाची परत जायला दोन सेकंदांहून जास्त लागतात. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर निरोगी कातडी ८-१० फ्रेममध्ये परत आली पाहिजे आणि सुकलेली ५०हून अधिक फ्रेम घेईल. नाट्य वाढवायला ती पाच-सहा सेकंद लांबवू नका, कारण प्रेक्षक तो वेळ जसाच्या तसा मनात ठेवतो आणि तीन सेकंदांची घडी ‘बरी आहे’ समजतो. दोन्ही बाळं एकाच वेळी पडद्यावर ठेवू नका, डोळा एकाच हालचालीमागे जातो. आधी निरोगी, मग सुकलेलं, मग दोन्ही पुन्हा. मागचं संगीत या जागी पूर्ण बंद.

दुसरी, थांबण्याची दहा मिनिटं. घड्याळाचा काटा भरकन फिरवणं हा चित्रपटाचा संकेत आहे. सगळ्यांना तो कळत नाही, आणि ज्यांना घड्याळ वाचता येत नाही त्यांना तर त्यातून काहीच मिळत नाही. त्याऐवजी आई बाळाला खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारते, पाठीवरून हात फिरवते, मग परत बसते आणि चमचा उचलते, असं सलग दाखवा. आकडा आवाजातून येऊ द्या.

तिसरी, झिंकचे चौदा दिवस, आणि अ‍ॅनिमेशनचा सर्वांत मोठा उपयोग इथे आहे. जुलाब तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबतात आणि गोळ्या त्याच दिवशी फडताळात जाऊन पडतात. चौदा चौकटींची गोळ्यांची पट्टी पडद्याच्या एका बाजूला कायम ठेवा. रोज सूर्य उगवतो, एक गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळते, पट्टीतली एक चौकट रिकामी होते. चौथ्या दिवशी बाळ खेळायला लागतं आणि पट्टी तरीही चालूच राहते. खेळणाऱ्या बाळाला गोळी देणारी आई हे या चित्रफितीतलं सर्वांत महत्त्वाचं दृश्य; त्याला किमान दहा सेकंद द्या. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाची अर्धी गोळी यात मिसळू नका. तिची वेगळी वीस सेकंदांची फीत करा.

आतड्याच्या आत काय होतं, हे दाखवावं का? आईसाठी नको. आशा, अंगणवाडी सेविका, नर्सिंगच्या विद्यार्थिनी यांच्या प्रशिक्षणासाठी जरूर. १९६० साली जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी प्रागमधल्या परिषदेत मांडलं की लहान आतड्याच्या पेशीत ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शिरतात, आणि पाणी त्यांच्यामागोमाग जातं. जुलाबातही ही वाट बहुतांशी शाबूत असते. ग्लुकोजचे आणि सोडियमचे कण वेगळ्या आकाराचे (रंगाने वेगळे पुरत नाहीत, लाल-हिरवा फरक अनेक पुरुषांना दिसत नाही), दाराशी दोन्ही आले तरच दार उघडतं, आणि मागून पाण्याचा लोट येतो. मग त्याच दृश्यात साखर जास्त झाली तर पाणी उलट आतड्याकडे ओढलं जातं, हेही दाखवा. ‘गोड केलं तर काय बिघडतं’ या प्रश्नाला सेविकेला मग घरात उत्तर देता येतं.

बनवताना

मोफत साधनांवर सगळं होतं: क्रिटा किंवा इंकस्केपमध्ये चित्र, ओपनटून्झ किंवा सिन्फिगमध्ये हालचाल, ऑडॅसिटीत आवाज. तुकड्यांची पद्धत घ्या, म्हणजे हात, डोकं, चमचा वेगवेगळ्या थरांवर आणि सांध्यांवर फिरणारे. फक्त कातडीची चिमटी आणि पाणी ओतणं चौकट-दर-चौकट काढा, ते तुकड्यांनी कागदी दिसतं. दर दोन फ्रेमला एक चित्र पुरतं.

रंगवण्याआधी पेन्सिलच्या चित्रांची फीत बनवा: कच्चा आवाज आणि त्यावर स्थिर रेखाटनं, खऱ्या लांबीत. मापाचं प्रत्येक दृश्य चार सेकंद, म्हणजे १०० फ्रेम, पूर्ण थांबलेलं असावं. बहुतेक चुका इथेच दिसतात आणि इथेच स्वस्तात सुटतात. पक्क्या अ‍ॅनिमेशननंतर केलेल्या दुरुस्तीला आठवडे जातात.

बोलणाऱ्याचे ओठ शक्यतो दाखवू नका. कॅमेरा हातांवर, पातेल्यावर, बाळावर ठेवा, बोलणारी पाठमोरी किंवा बाजूने. असं केलं की तीच फीत अहिराणी, वऱ्हाडी, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारला भिली-पावरीत करता येते. भाषा बदलली की वाक्यं लांबतात. प्रत्येक दृश्याच्या शेवटी दीड-दोन सेकंद मोकळे सोडा. निवेदक त्या भागातलीच बाई असावी. शहरी आवाजात बोली ओढूनताणून आणली तर ऐकणाऱ्याला ती थट्टा वाटते.

आवाज गोधड्या लावलेल्या लहान खोलीत, पंखा बंद करून घ्या. मोबाइलच्या स्पीकरमधून खालचे सूर येतच नाहीत, म्हणून ढोल किंवा जाड संगीत घालून उपयोग नाही. ते फक्त शब्द झाकतं. संगीत ठेवलंच तर आवाजापेक्षा किमान १५ डेसिबल खाली. पडदा एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा चमकू देऊ नका, फिट येणाऱ्यांना धोका असतो.

वस्तीत नेऊन पाहणं

ही पायरी वेळ नाही म्हणून गाळली जाते आणि मग सगळं काम भिंतीची शोभा बनतं. पेन्सिलच्या टप्प्यावर एकदा आणि रंगीत झाल्यावर एकदा, दर फेरीत आठ-दहा जणींकडे जा. एकेकटीला दाखवा, घोळक्यात सासूबाई उत्तर देतात आणि सगळ्या माना हलवतात. ‘समजलं का?’ हा प्रश्न विचारायचाच नाही, त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. विचारा: यात काय चाललंय? ही कोण? आता पुढे काय करेल? तिचे शब्द जसेच्या तसे लिहा. आपल्याला हवं ते उत्तर मिळेपर्यंत सुचवत बसू नका.

शेवटी तिच्यासमोर खरी पुडी, खरी बाटली, पातेलं ठेवा आणि बनवायला सांगा. पुडी अख्खी गेली का, पाणी किती गेलं, हे मोजा. याहून खरी परीक्षा नाही.

किती जणींना कळलं म्हणजे पुरे? चिन्हांच्या आकलनासाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची ९१८६ ही प्रमाण-चाचणी आहे. तिच्यासोबत ६७ टक्के बरोबर उत्तरांची मर्यादा धरली जाते. अमेरिकेचं एएनएसआय झेड ५३५.३ हे मानक अधिक कडक आहे: ८५ टक्के बरोबर, आणि उलटा, घातक अर्थ काढणारे पाच टक्क्यांहून जास्त नकोत. दुसरी अट जास्त मोलाची. दहातल्या दोघींना काही कळलं नाही तर आशाताई समजावेल. दहातल्या एकीने लिटरची पुडी पेल्यात घातली तर ते चित्र मागे घ्या.

चित्रमालिका हातात धरून बोलण्याची कला आपल्याकडे जुनी आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलाकार चित्रकथीत एकेक चित्र समोर धरून कथा गातात. चित्र बदलतं ते बोलणाऱ्याच्या लयीत. आशाताईच्या फ्लिपचार्टला हेच लागू आहे. पानाच्या मागच्या बाजूला पुढच्या चित्राचा छोटा नमुना आणि तिने विचारायचा एक प्रश्न छापा, म्हणजे तिला मान वाकवून पुढे डोकवावं लागत नाही आणि ती आईच्या तोंडाकडे बघून बोलू शकते.

फाइल आणि छपाई

व्हॉट्सअ‍ॅपवर जाणारी फीत १६ एमबीच्या आत ठेवा. ७२० पिक्सेल, एमपी-४, एच.२६४, सेकंदाला साधारण १००० किलोबिट चित्र आणि ९६ किलोबिट आवाज, एवढ्यात एक मिनिट आठ-सव्वाआठ एमबीत बसतं. फोनसाठी उभी ९:१६ आणि सभेतल्या पडद्यासाठी आडवी १६:९. मापाची दृश्यं आधीपासूनच मधल्या चौकोनात काढली तर दोन्हीत कापली जात नाहीत. पुढे पाठवताना फीत आणखी दाबली जाते, म्हणून बारीक पोत आणि पातळ रेषा नकोत. तीनदा पुढे पाठवून, स्वस्त फोनवर, उन्हात उभं राहून बघा.

ए-३ पोस्टर ३०० डीपीआयला ३५०८ × ४९६१ पिक्सेलचं करा आणि सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या, रंगांत तपासा. पडद्यावरचा उजळ निळा कागदावर मळकट होतो आणि पाणी गढूळ दिसतं. काळी अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवा, चारही शाईंत ठेवली तर छपाई किंचित सरकताच कडा फुटतात. पोस्टर बसलेल्या बाईच्या डोळ्यांच्या उंचीला लावायला सांगा. छताजवळ लावलेला चमचा कुणाला दिसत नाही.

कोपऱ्यात आवृत्ती क्रमांक, महिना-वर्ष आणि आकडे तपासणाऱ्याचं पद छापा. २००४ साली डब्ल्यूएचओ आणि युनिसेफ यांनी संयुक्त निवेदनात कमी ऑस्मोलॅरिटीचं, म्हणजे मीठ आणि ग्लुकोज कमी असलेलं, ओआरएस आणि सोबत झिंक अशी शिफारस केली. त्याआधीच्या पोस्टरवर झिंक नाही, आणि त्यावर तारीख नसेल तर ते जुनं आहे हे कुणालाच कळत नाही. नवी आवृत्ती वाटताना जुनी परत गोळा करण्याची यादीही सोबत द्या: कुठल्या उपकेंद्रात, कुठल्या अंगणवाडीत, किती प्रती.